लंग कॅन्सर किती पसरलाय हे प्रोटीन मार्करवरून कळतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं की फाईल फुगत जाते, सीटी, पेट, बायोप्सी, आणि त्यातच कुठेतरी ट्यूमर मार्करचा एक पानी रिपोर्ट असतो, आकडा ठळक टाइपात आणि बाजूला वर जाणारा बाण. बाकीचे रिपोर्ट वाचून काही कळत नाही म्हणून घरचे सगळे ह्या एका आकड्यापाशी येऊन थांबतात, रात्री मोबाईलवर शोधत बसतात आणि जे सापडतं त्याने अजूनच घाबरतात. तर पेशंट आणि घरचे लोक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे घेतलेत. ट्रीटमेंट तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर बोलणं कशाबद्दल चाललंय ते तरी कळायला हवं.

प्रोटीन मार्कर म्हणजे नेमकं काय?

कॅन्सरच्या पेशी, आणि बऱ्याचदा साध्या निरोगी पेशीसुद्धा, काही प्रोटीन बनवतात. त्यातली काही रक्तात उतरतात आणि तिथे मोजता येतात, त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. ह्यातला सगळ्यात ओळखीचा सीईए, म्हणजे कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कॅन्सरमध्ये शोधला. पोटातल्या बाळाच्या आतड्यात हे प्रोटीन भरपूर असतं, मोठ्या माणसात अगदी थोडं. लंग कॅन्सरसाठी तो मुळात शोधलेलाच नव्हता हे ध्यानात ठेवा, त्याचा गोंधळ का होतो हे बरंचसं त्यातच आलं.

दुसरा प्रकार म्हणजे पेशीतच राहणारी प्रोटीन. ती रक्तात शोधत नाहीत, बायोप्सीच्या तुकड्यावर खास अँटिबॉडी टाकून, रंग आणून मायक्रोस्कोपखाली बघतात. त्याला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा आयएचसी म्हणतात. लोक ह्या दोन्हींची सर्रास गल्लत करतात, रक्ताचा मार्कर वेगळा आणि बायोप्सीचा मार्कर वेगळा, आणि पसरण्याच्या बाबतीत माझ्या मते बायोप्सीवालाच जास्त कामाचा आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर.

मग रक्त तपासून स्टेज कळते ना?

नाही. कुठल्याही एका प्रोटीनवरून नाही आणि चार-पाच एकत्र करूनही नाही.

स्टेज ठरते तरी कशावरून?

टीएनएम नावाची पद्धत आहे. टी म्हणजे मूळ गाठ केवढी आणि कशाला चिकटलीय, एन म्हणजे लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे शरीरातल्या छोट्या लसिका ग्रंथींपर्यंत, गेलाय का आणि कुठल्या, एम म्हणजे लांब पोचलाय का. मूळ गाठ ३ सेंटीमीटरपर्यंत असेल तर साधारण टी१, ७ च्या वर गेली तर टी४. त्याच बाजूच्या फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या नोड म्हणजे एन१, त्याच बाजूच्या पण छातीच्या मधल्या भागातल्या एन२, पलीकडच्या बाजूच्या किंवा गळ्याच्या हाडावरच्या एन३. दुसऱ्या फुफ्फुसात गाठी किंवा कॅन्सरमुळे छातीत पाणी म्हणजे एम१ए, छातीबाहेर एकच गाठ असेल तर एम१बी, जास्त असतील तर एम१सी. २०२५ पासून ह्या पद्धतीची नववी आवृत्ती लागू झालीय, त्यात एन२ चे आणि एम१सी चे आणखी दोन-दोन भाग केलेत, म्हणून जुन्या आणि नव्या रिपोर्टमधली अक्षरं थोडी वेगळी दिसली तर दचकू नका.

हे सगळं ठरतं सीटीवर, पेट-सीटीवर, मेंदूच्या एमआरआयवर आणि नोडमधून सुईने काढलेल्या नमुन्यावर. तो नमुना बऱ्याचदा ईबीयूएस नावाच्या दुर्बिणीने श्वासनलिकेच्या आतून घेतात. ह्या पूर्ण टीएनएममध्ये सीईए, सायफ्रा वगैरे कुठल्याच रक्ताच्या मार्करला जागा नाहीये. एकदा हे समजलं की "मार्कर ४० आलाय म्हणजे चौथी स्टेज का हो" हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो.

पेट स्कॅनवर नोड चमकली म्हणजे पसरलाच ना? मग सुई कशाला?

पेटमध्ये साखरेसारखं औषध देतात आणि जिथे पेशी ते जास्त ओढतात तिथे चमक दिसते. पण टीबीच्या नोड, सारकॉइड ह्या कॅन्सर नसलेल्या आजारात सुजलेल्या नोड, साधं इन्फेक्शन, हे सगळंसुद्धा चमकतं. आता समजा नुसत्या चमकण्यावरून एखाद्याला ऑपरेशनच्या बाहेर काढलं आणि नोडमध्ये निघाला टीबी, तर बरं होण्याची संधीच गेली ना. म्हणून जिथे ट्रीटमेंट बदलणार असेल तिथे नमुना घेऊन बघतातच. सुईला घाबरून नको म्हणणाऱ्यांनी ह्याचा नीट विचार करावा ही कळकळीची विनंती.

स्टेज कळत नसेल तर डॉक्टर मार्कर करायला सांगतात कशाला?

सगळे सांगतही नाहीत, आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितला नसेल तर काही राहून गेलं असं समजू नका. जे सांगतात त्यांचा हेतू बहुधा असा असतो की सुरुवातीला एक आकडा घेऊन ठेवायचा आणि ट्रीटमेंट चालू असताना तो कुठे जातो ते बघायचं. सुरुवातीला वाढलेला मार्कर ट्रीटमेंटने उतरला, सीटीतही गाठ लहान दिसली, तर दोन्ही गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. पुढे सहा महिन्यांनी तोच मार्कर दोनदा-तीनदा सलग चढला तर स्कॅन थोडं लवकर करायचा विचार होतो. मार्करचं काम एवढंच, कधी बघायचं ते सुचवणं. कुठे आणि किती पसरलाय हे स्कॅन आणि नमुनाच सांगणार.

आणखी एक उपयोग म्हणजे अंदाज. ऑपरेशनच्या आधीच सीईए बराच वाढलेला असेल तर अशा पेशंटमध्ये आजार परत येण्याची शक्यता सरासरीने जास्त असते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, अगदी पहिल्या स्टेजमध्येसुद्धा. अशा वेळी काही सर्जन मेडियास्टायनम, म्हणजे छातीचा मधला भाग, जास्त काळजीने तपासून घेतात. पण सरासरी म्हणजे तुमचा पेशंट नव्हे.

रिपोर्टमधली ही नावं कशाची आहेत?

थोडक्यात सांगते. लंग कॅन्सरचे दोन मोठे गट, स्मॉल सेल आणि नॉन-स्मॉल सेल, आणि अडीनोकार्सिनोमा व स्क्वॅमस हे नॉन-स्मॉल सेलमधले प्रकार. सीईए बहुतेक अडीनोकार्सिनोमात वाढतो. सायफ्रा २१-१ म्हणजे सायटोकेराटिन १९ ह्या प्रोटीनचा तुकडा, पेशी मरताना तो रक्तात येतो, स्क्वॅमसमध्ये जास्त दिसतो पण नॉन-स्मॉल सेलच्या इतर प्रकारांतही वाढतो. एससीसी अँटिजेन स्क्वॅमससाठी. एनएसई, म्हणजे न्यूरॉन स्पेसिफिक इनोलेज, आणि प्रोजीआरपी हे दोन स्मॉल सेलसाठी. सीए १२५ हे नाव लोकांना अंडाशयाच्या कॅन्सरमुळे माहीत असतं पण छातीच्या किंवा पोटाच्या आवरणाला त्रास झाला की तो कशानेही वाढतो, हार्ट फेल्युअरमध्येसुद्धा. एलडीएच खरं तर मार्कर म्हणावा असा नाही, ते एक साधं एन्झाइम आहे, पण स्मॉल सेलमध्ये त्याला महत्त्व आहे.

लंग कॅन्सरमध्ये साधारण ८५ टक्के नॉन-स्मॉल सेल आणि १५ टक्के स्मॉल सेल असतात, त्यामुळे आधी प्रकार कुठला ते बघा आणि मग मार्कर. स्क्वॅमसच्या पेशंटचा प्रोजीआरपी नॉर्मल आला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

सीईए खूपच जास्त आलाय, शंभरच्या वर. आता तरी पसरलाय असं म्हणायचं का?

खरं सांगायचं तर एवढा मोठा आकडा असला की डॉक्टर सावध होतातच. खूप वाढलेला सीईए आणि दूरवर पसरलेला आजार हे बऱ्याचदा एकत्र दिसतात, कारण प्रोटीन बनवणाऱ्या पेशी संख्येने जास्त असतात. समजा सीटीत गाठ छोटी दिसतेय आणि सीईए मात्र भलताच वर आहे, तर हे दोन्ही जुळत नाही, म्हणून पेट आणि मेंदूचा एमआरआय नीट झालाय ना, आतड्यात किंवा दुसरीकडे काही नाही ना, हे बघितलं जातं. पण आकड्यावरून मेंदू की हाड की लिव्हर हे कळत नाही, आणि १०० म्हणजे ५० च्या दुप्पट पसरलाय असाही हिशोब नसतो. एखाद्याची छोटी गाठ भरपूर सीईए बनवते, दुसऱ्याची मोठी गाठ काहीच बनवत नाही. दोन पेशंटचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, वेटिंग रूममध्ये तर अजिबात नको.

नॉर्मल आला तर? सुटलो?

नाही. भरपूर पसरलेल्या आजारातही सीईए पूर्ण नॉर्मल असलेले पेशंट असतात, कारण त्यांच्या कॅन्सरच्या पेशी ते प्रोटीन बनवतच नाहीत. ज्याचा मार्कर सुरुवातीपासून नॉर्मल आहे त्याच्या फॉलोअपला तो मार्कर जवळपास निरुपयोगी, त्याने स्कॅनच्या तारखा पाळायच्या, आणि "मार्कर नॉर्मल आहे ना, मग स्कॅन पुढच्या वेळी करू" असं तर कधीच करायचं नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा वेगळा असतो का?

हो. न ओढणाऱ्यांत सीईए बहुधा ३ च्या आत असतो, ओढणाऱ्यांत ५ पर्यंत सर्रास दिसतो, तोही कॅन्सर नसताना. काही लॅब दोन वेगळ्या रेंज छापतात, काही छापत नाहीत, म्हणून ६ चा आकडा बघताना पेशंट ओढतो का हे विचारायलाच लागतं.

कॅन्सर सोडून आणखी कशाकशाने वाढतात?

बरंच काही आहे. सीईए लिव्हरच्या आजारात वाढतो कारण लिव्हरच त्याला रक्तातून साफ करतं, शिवाय आतड्याची सूज, पॅन्क्रिआजची सूज, न्यूमोनिया, जुनाट ब्रॉन्कायटिस ह्यांतही. सायफ्रा आणि एससीसी किडनी नीट चालत नसेल तर चढतात. एससीसी तर सोरायसिस, एक्झिमासारख्या कातडीच्या आजारातही वाढतो कारण हे प्रोटीन निरोगी कातडीत असतंच. प्रोजीआरपीचंही किडनीशी जवळचं नातं, म्हणून ज्या पेशंटचं क्रिएटिनिन वाढलंय त्याचा प्रोजीआरपी क्रिएटिनिन बघितल्याशिवाय वाचूच नये. केमोमध्ये किडनीवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा आकडा चढला की आजार वाढला असं वाटतं आणि प्रत्यक्षात किडनी दमलेली असते, असंही होतं.

लॅबचा रिपोर्ट चुकू शकतो का?

शकतो, आणि दरवेळी लॅबने हलगर्जी केली म्हणूनच असं नाही. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा.

एनएसई घ्या. हे प्रोटीन लाल रक्तपेशींत आणि प्लेटलेटमध्येही असतं. रक्त काढताना पेशी फुटल्या, किंवा नमुना तासन् तास तसाच पडून राहिला आणि सिरम वेगळं केलं नाही, तर एनएसई खोटा वाढतो. रिपोर्टवर "हिमोलाइज्ड", म्हणजे पेशी फुटलेल्या, असा शेरा असेल तर तो आकडा सोडून द्या आणि परत रक्त द्या. प्रोजीआरपीचं उलटं, साध्या ट्यूबमध्ये रक्त गोठताना ते प्रोटीन तुटतं आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून त्यासाठी ईडीटीए ट्यूबमधला, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमधला, प्लाझ्मा चांगला. एससीसी थुंकीत आणि कातडीत भरपूर असतं त्यामुळे नमुन्याला थुंकीचा कण किंवा उघडा हात लागला तरी आकडा उडतो.

मग बायोटिन. केस आणि नखांसाठी ज्या गोळ्या लोक आपल्या मनाने घेतात त्यात हे मोठ्या डोसमध्ये असतं, आणि काही मशीनवर त्यामुळे ट्यूमर मार्कर खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये ह्याबद्दल जाहीर सावध केलं होतं. केमोत केस जातात म्हणून घरचे प्रेमाने ह्या गोळ्या आणून देतात, तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, टेस्टच्या आधी किती दिवस बंद ठेवायच्या ते तेच सांगतील.

आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे लॅब बदलणं. एका कंपनीच्या किटवर १२ आलेला मार्कर दुसऱ्या किटवर १६ येऊ शकतो, पेशंट तोच, रक्त तेच. मार्कर फॉलो करायचा असेल तर शेवटपर्यंत एकच लॅब धरा, आणि बदलावीच लागली तर पहिला नवा आकडा जुन्याशी जोडू नका, तिथून नव्याने मोजायला सुरुवात करा. फार क्वचित असंही होतं की प्रोटीन रक्तात इतकं प्रचंड असतं की टेस्टच गोंधळते आणि आकडा कमी दाखवते, त्याला हुक इफेक्ट म्हणतात, नमुना पातळ करून परत लावला की खरा आकडा येतो. पेशंटची तब्येत आणि आकडा ह्यांचा काहीच मेळ बसत नसेल तर डॉक्टर लॅबला हे करायला सांगू शकतात.

केमो सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात मार्कर वाढला. औषध लागू पडत नाहीये का?

लगेच तसं म्हणू नका. औषधाने पेशी मरायला लागल्या की आतलं प्रोटीन एकदम बाहेर पडतं आणि आकडा तात्पुरता वर जातो, मग काही आठवड्यांत उतरतो. प्रत्येकात होतं असं नाही, पण होतं. ठरलेल्या वेळी सीटी होऊ द्या, एका आकड्यावरून चालू औषध बंद करायचा हट्ट धरू नका. अर्थात दम वाढलाय, वजन उतरतंय, नवीन दुखणं सुरू झालंय आणि मार्करही चढतोय, तर वाट बघत बसू नका, पुढची तारीख येण्याआधीच फोन करा.

ऑपरेशननंतर मार्कर किती दिवसांत खाली यायला हवा?

प्रत्येक प्रोटीनचा रक्तातून जायचा वेग वेगळा आहे. सायफ्रा काही तासांतच अर्धा होत जातो, सीईएला अर्धं व्हायला बरेच दिवस लागतात. त्यामुळे ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सीईए तपासून "अजून आहेच" म्हणून घाबरण्यात अर्थ नाही, महिनाभराने बघितलेला बरा. महिना-दीड महिन्यानंतरही तो नॉर्मलवर आलाच नाही, आणि लिव्हर, सिगारेट वगैरे दुसरं कारणही नाही, तर मात्र कुठेतरी काही मागे राहिलंय का ते बघायला हवं.

छातीत पाणी झालंय. त्या पाण्यात मार्कर बघतात म्हणे?

बघतात, आणि इथे प्रोटीन खरोखर मदत करतात. छातीत पाणी कॅन्सरमुळेच झालंय का हा फार मोठा प्रश्न असतो कारण हो म्हटलं की थेट एम१ए, म्हणजे चौथी स्टेज. पाणी टीबीनेही होतं, न्यूमोनियानेही, हार्टमुळेही. पहिली टेस्ट सायटॉलॉजी, म्हणजे पाण्यात कॅन्सरच्या पेशी दिसतात का ते बघणं, पण पहिल्याच नमुन्यात त्या सापडतील असं नाही, बऱ्याचदा परत पाणी पाठवावं लागतं किंवा दुर्बिणीने आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो. पाण्यातला सीईए खूप वाढलेला असेल तर संशय पक्का होत जातो. एडीए हे एन्झाइम वाढलेलं असेल तर टीबीकडे बोट जातं, तेही शंभर टक्के नाही.

पेशी सापडल्या तर त्या गोळा करून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याला सेल ब्लॉक म्हणतात, आणि त्यावर आयएचसी करतात. कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी१ हे आवरणाच्या पेशींचे मार्कर, तर क्लॉडिन-४, सीईए, टीटीएफ-१ हे अडीनोकार्सिनोमाच्या बाजूचे. ह्यावरून फुफ्फुसाचा कॅन्सर पाण्यात उतरलाय की पेशी आवरणाच्याच आहेत हे वेगळं करता येतं, पण आवरणाच्या पेशी मेसोथेलिओमाच्या, म्हणजे आवरणाच्या कॅन्सरच्या, आहेत की नुसत्या सुजलेल्या हे एवढ्यावरून कळत नाही. आणि तोच ब्लॉक पुढे ईजीएफआर, एएलके ह्या टेस्टना, म्हणजे कॅन्सरवर नेमका मारा करणाऱ्या टार्गेटेड गोळ्या चालतील का ते सांगणाऱ्या टेस्टना, वापरता येतो, म्हणून "पाणी काढून फेकलं" असं होऊ देऊ नका, पाठवलंय का, ब्लॉक केलाय का हे विचारा.

हाडांत, मेंदूत, लिव्हरमध्ये गेलाय हे सांगणारा एखादा वेगळा मार्कर?

लंग कॅन्सर जास्त करून मेंदू, हाडं, लिव्हर, अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि दुसरं फुफ्फुस इथे जातो. प्रत्येक जागेसाठी एकेक प्रोटीन असतं तर किती बरं झालं असतं, पण तसं नाहीये. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं तर हाड किंवा लिव्हर बघायचं सुचतं एवढंच. मेंदूबद्दल रक्त जवळपास काहीच सांगत नाही. पेटसुद्धा मेंदूसाठी कमी पडतं कारण मेंदू स्वतःच इतकी साखर ओढतो की सगळाच चमकतो, म्हणून बहुतेक वेळा दुसऱ्या स्टेजपासून पुढे मेंदूचा एमआरआय वेगळा करतात.

कॅल्शियमबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. कॅल्शियम वाढलं म्हणजे हाडांत गेलाच असं लोक धरून चालतात, पण स्क्वॅमस प्रकारात गाठ स्वतःच पीटीएचआरपी नावाचं प्रोटीन सोडते आणि हाडांत एकही डाग नसताना कॅल्शियम चढतं. कारण कुठलंही असो, खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, गुंगी, असंबद्ध बोलणं असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. तसंच पाठ दुखतेय आणि पायातली ताकद जातेय किंवा लघवी अडतेय, तर मार्कर वगैरे काही न बघता सरळ इमर्जन्सीत जा, मणक्यातली नस दबत असेल तर तास महत्त्वाचे असतात.

बायोप्सीत टीटीएफ-१ पॉझिटिव्ह आलंय. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट का?

नाही हो, इथे पॉझिटिव्ह म्हणजे ओळख पटली. हा प्रश्न इतक्या वेळा येतो आणि इतक्या काळजीने विचारला जातो की मुद्दाम सविस्तर लिहितेय.

समजा एखाद्याला फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली, ऑपरेशन करून काढली आणि पॅथॉलॉजीने सांगितलं की हा कॅन्सर मेंदूचा नाही, दुसरीकडून आलाय. कुठून? ह्याचं उत्तर प्रोटीन देतात. टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए दोन्ही रंगले तर फुफ्फुसाचा अडीनोकार्सिनोमा ही शक्यता खूप वर जाते. टीटीएफ-१ थायरॉइडच्या कॅन्सरमध्येही रंगतं, म्हणून नुसत्या त्याच्यावर थांबत नाहीत. स्क्वॅमससाठी पी४० बघतात, पण ते कुठल्याही जागेच्या स्क्वॅमसमध्ये रंगतं त्यामुळे घशातून आला की फुफ्फुसातून हे त्यावरून कळत नाही. सायनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६, आयएनएसएम१ हे स्मॉल सेल आणि त्याच्या नात्यातल्या ट्यूमरसाठी.

आणि उलटही तितकंच महत्त्वाचं, फुफ्फुसात गाठ दिसली म्हणजे ती फुफ्फुसाचीच असं नाही, फुफ्फुस ही दुसऱ्या कॅन्सरची पोचायची फार आवडती जागा आहे. सीडीएक्स२ आणि सीके२० रंगले तर आतडं, गाटा३ रंगलं तर स्तन किंवा मूत्राशय, पॅक्स८ रंगलं तर किडनी, थायरॉइड किंवा अंडाशय, अशा दिशेने तपास जातो. ह्यात अपवाद आहेत, फुफ्फुसाचा म्युसिनस अडीनोकार्सिनोमा कधीकधी टीटीएफ-१ निगेटिव्ह असतो आणि आतड्याचे मार्कर दाखवतो, मग पॅथॉलॉजिस्टला स्कॅन आणि पेशंटची आधीची हिस्टरी लागते. ज्यांना पूर्वी दुसरा कुठला कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी तो जुना रिपोर्ट, शक्य असेल तर ब्लॉक आणि स्लाइडसुद्धा, पॅथॉलॉजीपर्यंत पोचवाच. स्तनाचा कॅन्सर फुफ्फुसात गेलेला आणि फुफ्फुसाचा स्वतःचा, दोघांची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी आहे.

पीडी-एल१ ८० टक्के आलाय. ८० टक्के पसरलाय का?

अजिबात नाही. ८० टक्के म्हणजे त्या तुकड्यातल्या शंभरातल्या ८० कॅन्सर पेशींवर पीडी-एल१ हे प्रोटीन दिसलं. ह्या प्रोटीनच्या आडून कॅन्सरची पेशी प्रतिकारशक्तीपासून लपते, आणि पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधं हे लपणंच अडवतात. ५० च्या वर असेल तर कधीकधी केमोशिवाय नुसत्या इम्युनोथेरपीनेही सुरुवात करता येते, म्हणजे मोठा आकडा हा उपचाराच्या दृष्टीने बऱ्याचदा बरा. पण ईजीएफआर किंवा एएलके पॉझिटिव्ह असेल तर पीडी-एल१ कितीही असला तरी बहुतेक वेळा आधी टार्गेटेड गोळ्यांचा विचार होतो, म्हणून ते रिपोर्ट येईपर्यंत थांबायला सांगितलं तर थांबा, तब्येत परवानगी देत असेल तर ते थांबणं फायद्याचंच आहे.

ईजीएफआर, लिक्विड बायोप्सी हेही प्रोटीन मार्करच का?

लिक्विड बायोप्सीत रक्तातले कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे बघतात, प्रोटीन नाही. ईजीएफआर स्वतः प्रोटीन आहे पण टेस्ट त्याच्या जीनमधल्या बदलाची होते. एएलके मात्र आयएचसीनेही बघता येतं.

स्मॉल सेलमध्ये मार्करचं महत्त्व जास्त असतं का?

थोडं जास्त, हो. हा प्रकार वेगाने वाढतो, निदान होतं तेव्हा साधारण तीनातल्या दोघांत छातीबाहेर पसरलेला असतो, त्यामुळे एनएसई, प्रोजीआरपी, एलडीएच बऱ्याचदा वाढलेले असतात आणि केमोने झपाट्याने उतरतात. एलडीएच वाढलेलं असणं हे आजाराचा बोजा जास्त असल्याचं लक्षण मानतात. तरीही लिमिटेड, म्हणजे छातीत एका बाजूपुरता, की एक्स्टेन्सिव्ह, म्हणजे त्यापलीकडे पसरलेला, हे ठरतं स्कॅनवरच.

ह्या प्रकारात सोडियम खूप कमी झालेलं दिसतं, आणि घरच्यांना वाटतं मेंदूत गेला. बऱ्याचदा गाठ एडीएच हॉर्मोन सोडते त्यामुळे शरीरात पाणी साठून सोडियम पातळ होतं. गोंधळलेपणा त्यानेही येतो आणि मेंदूतल्या गाठीनेही, म्हणून दोन्ही तपासावं लागतं.

कॅन्सर पसरतो तेव्हा प्रोटीनचं आत नक्की काय चालतं?

साध्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनने धरून असतात. काही कॅन्सर पेशी ते बनवणं कमी करतात, व्हिमेंटिनसारखी दुसरी प्रोटीन वाढवतात आणि सुट्या होऊन सरकायला लागतात. मग एमएमपी-२, एमएमपी-९ सारखी एन्झाइम आजूबाजूचं आवरण विरघळवतात, व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतं. व्हीईजीएफ अडवणारं बेव्हासिझुमॅब २००६ पासून अमेरिकेत लंग कॅन्सरला वापरायला परवानगी आहे.

पेशी कुठे जाऊन रुजतात ह्याबद्दल स्टीफन पॅजेट ह्या इंग्लिश सर्जनने १८८९ मध्येच म्हटलं होतं की बी सगळीकडे उडतं पण मानवेल त्याच मातीत उगवतं. २०१५ मध्ये एका संशोधनात दिसलं की ट्यूमर जे सूक्ष्म कण सोडतात त्यांच्यावरची इंटेग्रिन प्रोटीन कुठल्या अवयवात जागा तयार करायची हे ठरवण्यात भाग घेतात. मला हा विषय फार आशेचा वाटतो. पण ई-कॅडहेरिन किंवा एमएमपी-९ मोजून पेशंटची ट्रीटमेंट ठरवायची पद्धत आज रोजच्या प्रॅक्टिसमध्ये नाही, कोणी असं पॅकेज गळ्यात मारत असेल तर आधी आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारा.

मार्कर दर किती दिवसांनी करायचा?

सुरुवातीला वाढलेला असेल तरच, आणि साधारण स्कॅनच्या किंवा केमोच्या सायकलच्या वेळी. दर आठवड्याला करून काहीही जास्त कळत नाही, फक्त झोप उडते.

घरातल्या बाकीच्यांनी पण सीईए करून घ्यावा का?

नको. लवकर पकडण्यासाठी एकटा सीईए कामाचा नाही, सुरुवातीच्या गाठीत तो बहुतेक नॉर्मल असतो आणि ज्यांना काही नाही त्यांच्यात उगाच वाढलेला दिसून तपासण्यांची रांग लागते. चार प्रोटीन एकत्र घेऊन, म्हणजे सीईए, सायफ्रा, सीए १२५ आणि सर्फॅक्टंट प्रोटीन-बीचं कच्चं रूप, धोका कोणाला जास्त ते ओळखायचा प्रयत्न २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, काम पुढे चालू आहे, पण तो धोका ओळखण्यासाठी आहे, पसरणं मोजण्यासाठी नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलीय आणि वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांच्यासाठी सिद्ध झालेली टेस्ट म्हणजे लो-डोस सीटी. अमेरिकेतल्या एनएलएसटी ह्या मोठ्या अभ्यासात, २०११ मध्ये, साध्या एक्स-रेच्या तुलनेत त्याने लंग कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. घरात असं कोणी असेल तर सीईएची चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये जाण्याऐवजी छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन लो-डोस सीटीबद्दल विचारा, आणि सिगारेट सोडायला मदत लागणार असेल तर तीही त्याच भेटीत मागा.